टिम सामारास: टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवणारा माणूस

24 जून 2003. अमेरिकेत साउथ डकोटातल्या मँचेस्टर नावाच्या एवढ्याशा वस्तीजवळ टिम सामारासने गाडी थांबवली, आतून वीसेक किलोचं एक जाड लोखंडी यंत्र काढलं, रस्त्याकडेला ठेवलं आणि गाडी सुसाट पळवली, कारण टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला गरगरत्या वाऱ्याचा खांब, जेमतेम दीड मिनिटावर आला होता. तो त्या यंत्रावरूनच गेला. यंत्राने नोंदवलं की हवेचा दाब काही सेकंदांत 100 मिलिबारने उतरला. श्रीवर्धनच्या पुळणीवरून थेट रायगडाच्या माथ्यावर गेलात तरी दाबात एवढा फरक पडत नाही, आणि इथे तो उभ्या जागी पडला! जमिनीलगत टोर्नेडोच्या आत एवढा फरक त्याआधी कोणी मोजलाच नव्हता.

सामारासकडे कॉलेजची डिग्री नव्हती हे मला फार मोठं वाटतं. लहानपणापासून घरातली उपकरणं खोलून बघायची सवय, पुढे स्फोटांच्या चाचण्या घ्यायचं काम, त्यामुळे दणक्यात कुठला सेन्सर टिकतो हे त्याला हाताला माहीत होतं. यंत्र त्याने बसक्या शंकूसारखं केलं, वारा खाली शिरून ते उचलूच शकणार नाही असं. लोक त्या यंत्राला टर्टल, म्हणजे कासव, म्हणायचे.

पण रडार असताना हा जिवावरचा खटाटोप कशाला? तर रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे अगदी खालच्या कोनात सोडलेला किरणसुद्धा 100 किलोमीटरवर पोचेपर्यंत जवळपास दीड किलोमीटर उंचीवर असतो. ढगात काय फिरतंय ते दिसतं, घराच्या कौलापाशी काय चाललंय ते नाही. जॉश वुर्मन या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने 1995 पासून ट्रकवर रडार चढवून जवळ न्यायला सुरुवात केली, त्याने खूप फरक पडला, तरी शेवटचे काही मीटर राहतातच, आणि माणसं तर तिथेच राहतात.

मग जिथे यंत्रच नाही तिथला वारा कसा कळणार? पडझड वाचून. हे शिकवलं तेत्सुया फुजिता या जपानी माणसाने. 1945 मध्ये अणुबॉम्बनंतर तो नागासाकीला पाहणीला गेला होता, स्फोटाच्या जागेपासून चहूकडे बाहेरच्या बाजूला पडलेली झाडं त्याने तिथे बघितली. पुढे शिकागोला गेल्यावर वादळानंतर विमानातून बघताना त्याला अमेरिकेतल्या जंगलातही तशीच बाहेर पसरलेली झाडं दिसली, आणि त्यातून ढगातून खाली आदळून चारी बाजूंना पसरणारा वारा, म्हणजे डाउनबर्स्ट, हा प्रकार वेगळा ओळखता आला. टोर्नेडोत झाडं मध्याकडे वळून, एकमेकांवर आडवीतिडवी पडतात. टोर्नेडोची एफ-0 ते एफ-5 ही मोजपट्टी त्याने 1971 मध्ये दिली, तीसुद्धा नुकसानावरूनच.

हे वाचल्यावर मला निसर्ग वादळानंतरची दापोलीकडची आमची वाडी आठवते. 3 जून 2020. वादळ किनाऱ्यावर चढलं ते आमच्या उत्तरेला, दिवेआगरच्या बाजूला, वारा ताशी 110-120 किलोमीटर. वाडीत पोफळींचा नुसता ढीग, पण नीट बघितलं तर खालच्या पोफळी उत्तरेकडे डोकं करून पडलेल्या आणि त्यांच्यावरच्या पूर्वेकडे, डोंगराच्या बाजूला. वादळ पुढे सरकलं तसा दक्षिणेचा वारा फिरून पश्चिमेचा झाला, तो क्रम त्या ढिगात जसाच्या तसा होता. पंचनाम्यात झाडं किती पडली ते लिहून घेतलं, कुठल्या दिशेला पडली ते कोणी विचारलं नाही आणि आठवडाभरात करवत फिरली. माझं म्हणणं एवढंच की मोबाईलमध्ये कंपास असतोच, करवतीआधी दिशेसकट फोटो काढून ठेवा, जमिनीलगतच्या वाऱ्याची तेवढीच नोंद आपल्याकडे राहते.

निसर्ग हे चक्रीवादळ, शेकडो किलोमीटर पसरलेलं, दिवसदिवस आधी कळणारं. टोर्नेडो सहसा काही मिनिटांचा खेळ. त्याला खाली गरम दमट हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीप्रमाणे वेग-दिशा बदलणारा वारा असं सगळं एकदम लागतं. कोकणात पावसाळ्यात हवा वरपर्यंत ओलीच, म्हणून तसले राक्षसी टोर्नेडो इथे होत नाहीत. बंगालच्या बाजूला मात्र होतात, 26 एप्रिल 1989 ला बांगलादेशात एका टोर्नेडोने साधारण 1300 माणसं मारली.

सामारास सावध माणूस होता, तरीही 31 मे 2013 ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ तो, त्याचा मुलगा पॉल आणि साथीदार कार्ल यंग तिघेही गेले. तो टोर्नेडो बघता बघता 4.2 किलोमीटर रुंद झाला, नोंदीतला सगळ्यात रुंद, आणि त्याने दिशाही बदलली.

आपल्या समुद्रावर दिसला तर वॉटरस्पाऊट दिसतो, ढगापासून पाण्यापर्यंत उतरलेला खांब. बहुतेक वेळा तो टोर्नेडोपेक्षा खूप दुबळा असतो, पण छोटी होडी उलटवायला पुरे. तांडेलांनी एक लक्षात ठेवावं, तो ज्या दिशेने सरकतोय तिच्याशी काटकोनात होडी काढायची. आणि तो जागचा हलत नाहीये पण मोठा मोठा होतोय असं दिसलं तर तो सरळ आपल्याकडेच येतोय.