जीवरसायनशास्त्रातील संशोधन प्रबंध

सजीवांतील रासायनिक घडामोडींवर विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले संशोधन पदवीसाठी विद्यापीठाकडे लेखी स्वरूपात सादर होते, तो जीवरसायनशास्त्राचा प्रबंध. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, साहित्य व पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा ही प्रकरणे बहुधा असतातच. वाचायला हा क्रम सोयीचा; लिहिताना मात्र पद्धतींचे प्रकरण आधी हातावेगळे करावे. बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) सामू म्हणजे पीएच, रसायनाचा बॅच क्रमांक हे तपशील प्रयोग चालू असतानाच बिनचूक हाती येतात. सेंट्रिफ्यूजचा (नमुना गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) वेग मिनिटाच्या फेऱ्यांत न देता गुरुत्वाच्या पटीत द्यावा, कारण फेऱ्या तेवढ्याच असल्या तरी रोटरच्या (नळ्या धरून फिरणाऱ्या भागाच्या) त्रिज्येनुसार बल बदलते.

एन्झाइमवरील (सजीवांतील अभिक्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनावरील) प्रबंधाचा खरा कस शुद्धीकरणाच्या तक्त्यात लागतो; प्रत्येक पायरीनंतर किती प्रथिन आणि किती क्रियाशीलता उरली, हे त्यात असते. समजा, कच्च्या अर्कात १,००० मिग्रॅ. प्रथिन आणि २,००० एकक क्रियाशीलता आहे, म्हणजे विशिष्ट क्रियाशीलता मिलिग्रॅमला २ एकक. शेवटच्या स्तंभातून (प्रथिने वेगळी करणाऱ्या भरलेल्या नळीतून) ५ मिग्रॅ. प्रथिन आणि ६०० एकक हाती आले, तर विशिष्ट क्रियाशीलता १२० होते : शुद्धीकरण ६० पट, उतारा, म्हणजे मूळ क्रियाशीलतेपैकी हाती आलेला वाटा, ३० टक्के. मधल्याच एखाद्या पायरीवर उतारा शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर परीक्षक तिथे हमखास थांबतो. अर्कातला, एन्झाइमचे काम रोखणारा एखादा निरोधक त्या पायरीत निघून गेला असेल, किंवा सुरुवातीचे मापनच चुकले असेल. दोन्ही शक्यता तपासूनच तो आकडा छापावा. रंगावरून प्रथिन मोजण्याच्या ब्रॅडफर्ड पद्धतीत (१९७६) नमुन्यात डिटर्जंट असेल तर रंग फसवा येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

एन्झाइमच्या गतिकीचे, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचे, समीकरण मिकेलिस व मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडले. लाइनवीव्हर व बर्क यांचा १९३४ चा व्यस्तांकांचा (१ भागिले ती संख्या) आलेख प्रबंधांत अजून दिसतो. पण व्यस्तांक घेताना कमी वेगाच्या बिंदूंतील लहानशी त्रुटीही फुगते, म्हणून समीकरणातील स्थिरांक अरेषीय समाश्रयणाने (मापनांना थेट वक्र जुळवून) काढावेत आणि सरळ रेषेचा आलेख दाखवण्यापुरताच ठेवावा.

एकाच अर्काची तीन मापने म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ही गल्लत शेवटच्या महिन्यांत लक्षात आली, तर पेशी पुन्हा वाढवण्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रयोग कुठे थांबवायचे, हा निर्णय सर्वांत अवघड. प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो आणि लेखन लांबत जाते. प्रबंधाने एका नेमक्या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर द्यावे, एवढे पुरे. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांचा १९४३ चा पीएच.डी. प्रबंध लायसिन या अमिनो आम्लाच्या चयापचयावर होता. १९५८ चे नोबेल मिळवून देणारे इन्सुलिनच्या संरचनेचे काम त्यानंतरचे. अपेक्षेविरुद्ध गेलेली निरीक्षणेही तुलनेसाठीच्या योग्य नियंत्रण प्रयोगांसह प्रबंधात यावीत.

मौखिक परीक्षेत जेलच्या (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थराच्या) चित्रातला एखादा जादा पट्टा किंवा आलेखातून वगळलेला बिंदू यावरच बराच वेळ जाऊ शकतो. मूळ नोंदवही आणि न कापलेली चित्रे तेव्हा हाताशी लागतात. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून अंतिम प्रत विद्यापीठाच्या संग्रहात जमा होते. पेटंट प्रलंबित असल्यास ती ठरावीक काळ खुली न करण्याची मुभा अनेक विद्यापीठे देतात.