हिरड्यांतून रक्त येणं: पायरियामागचा इतिहास

माझ्या आत्याच्या बेसिनमध्ये रोज सकाळी गुलाबी फेस दिसायचा आणि ती म्हणायची अगं ब्रश कडक आहे, मग ब्रश सोडून मिश्री सुरू केली, शुगर तर आधीपासून होतीच. पन्नाशीत पुढचे दात हलायला लागले तेव्हा कुठे डेंटिस्टकडे गेलो. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय.

पायरिया, म्हणजे हिरड्यांचा हा आजार, नवा अजिबात नाही. सुश्रुतसंहितेत हिरड्यांचे 15 रोग दिलेत, त्यातला 'शीताद' म्हणजे हिरड्या मऊ पडून, वास येऊन रक्त येणं, म्हणजे आपलंच दुखणं. 1683 मध्ये हॉलंडच्या लेवेनहुकने दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं आणि त्यात जिवंत, वळवळणारे जंतू बघितले.

पुढे मात्र गाडी भलतीकडे गेली. 1910 ला विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलमध्ये भाषण दिलं की तोंडातला पू अख्ख्या शरीराला आजारी करतो, आणि मग अमेरिकेत संधिवात असो नाहीतर आणखी काही, सरसकट दात उपटायला सुरुवात झाली, न्यू जर्सीच्या ट्रेंटनमधल्या मनोरुग्णालयात तर वेड बरं होईल म्हणून रुग्णांचे दात काढले! लोक काही बरे झाले नाहीत, आणि तोंडाचा बाकी शरीराशी संबंध असतो हे म्हणणंच मागे पडलं. मला वाटतं आपण अजून त्याचीच किंमत मोजतोय.

1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए या दंतसंशोधकांनी 12 धडधाकट लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्याही झाल्या. म्हणजे सुरुवातीला हे परत फिरतं, पण आतलं हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही.

याच लोएंनी 1993 मध्ये हिरड्यांच्या या आजाराला डायबिटीसचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं. शुगर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज इन्सुलिनचं काम अडवते, दोन्हीकडून मार. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट केली तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा, टक्क्यांत येणारा आकडा) साधारण 0.4 ने उतरतं. हार्टच्या बाबतीत संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळेच अटॅक येतो असं सिद्ध झालेलं नाही.

आत्याची शुगरची फाईल चांगली जाडजूड आहे, डोळे तपासले, पाय तपासले, किडनीचे रिपोर्ट आहेत, पण इतक्या वर्षांत तिला एकदाही कोणी तोंड उघडा म्हणालं नव्हतं.