इको-स्कूल (हरित ध्वज उपक्रम)

इको-स्कूल : शाळेने आपले पाणी, वीज, कचरा आणि आवार यांची स्वतः मोजदाद करायची, त्या आकड्यांवरून सुधारणेचा आराखडा आखायचा आणि हे काम मुलांच्या समितीने चालवायचे, अशी पर्यावरणशिक्षणाची पद्धत. 'फाउंडेशन फॉर एन्व्हायरन्मेंटल एज्युकेशन' (यापुढे प्रतिष्ठान) ही आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्था आपल्या निरनिराळ्या देशांतील सभासद संघटनांमार्फत हा उपक्रम राबवते. ठरलेल्या पायऱ्या पूर्ण करणाऱ्या शाळेला 'हरित ध्वज' मिळतो. 'इको-स्कूल' हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने तो या उपक्रमाचे नाव आहे, तर दुसऱ्या अर्थाने पर्यावरणाला शालेय जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कोणत्याही शाळेला तसे म्हणतात. या दोन अर्थांच्या सरमिसळीमुळे उगमाविषयी मतभेद झाले आहेत.

उगम : प्रतिष्ठानाची स्थापना १९८१ मध्ये युरोपीय संस्थांच्या पुढाकाराने झाली. सुरुवातीला नावात 'युरोप' हा शब्द होता. २००१ च्या सुमारास युरोपाबाहेरील संघटनांना सभासदत्व खुले झाले आणि तो शब्द गळला. मुख्यालय कोपनहेगन येथे आहे. उपक्रमाचा आरंभ सामान्यतः १९९४ मानतात. त्या वर्षी युरोपीय आयोगाच्या साहाय्याने डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि ब्रिटन येथे तो सुरू झाला. १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेतील 'अजेंडा २१' हा शाश्वत विकासाचा कृती-कार्यक्रम हे त्याचे मूळ, अशी प्रतिष्ठानाची मांडणी आहे. त्या दस्तऐवजाचे ३६ वे प्रकरण शिक्षण आणि लोकजागृतीविषयी आहे.

दुसरे मत असे की कल्पना याहून जुनी आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) १९८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या पुढाकाराने शाळा आणि पर्यावरण यांवर एक प्रकल्प सुरू केला होता. तो 'एन्सी' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. गावातील खऱ्या प्रश्नावर मुलांनी काम करायचे आणि शिक्षकांनी आपल्या अध्यापनाचे संशोधन करायचे, हा त्याचा गाभा होता. त्याहीमागे जाऊन काही अभ्यासक तिबिलिसी (जॉर्जिया) येथे १९७७ मध्ये झालेल्या पर्यावरणशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडे बोट दाखवतात. पर्यावरणशिक्षणाने माहितीपुरते न थांबता कृतीत सहभागी व्हावे, हे तेथे स्पष्ट शब्दांत मांडले गेले.

तिसरा मुद्दा रचनेचा आहे, आणि तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. पाहणी, आराखडा, देखरेख आणि पुन्हा पाहणी हे चक्र शिक्षणशास्त्रातले नाही. ते कारखान्यांच्या पर्यावरण व्यवस्थापनातून आले. उपक्रमाच्या सात पायऱ्या (त्या पुढे दिल्या आहेत) आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतल्या आहेत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण ते मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उपक्रम त्याआधी दोन वर्षे चालू होता. त्यामुळे त्याच विषयावरचे १९९२ चे ब्रिटिश मानक बीएस ७७५० किंवा १९९३ ची युरोपीय 'एमास' योजना यांचा प्रभाव मानणे कालक्रमाशी अधिक सुसंगत ठरते. एकूण पाहता विचार तिबिलिसी आणि 'एन्सी'च्या परंपरेतला, सांगाडा कारखान्याच्या लेखापरीक्षणाचा आणि समितीची कल्पना रिओनंतरच्या स्थानिक लोकसहभागाची, असा तिहेरी उगम मानणे सयुक्तिक दिसते.

राष्ट्रीय संघटना : प्रतिष्ठान सामान्यतः शाळांशी थेट व्यवहार करत नाही. निकषांची चौकट ते ठरवते, तर भाषांतर, शिक्षक-प्रशिक्षण, तपासणी आणि ध्वजवाटप देशातील संघटना करते. इंग्लंडमध्ये 'कीप ब्रिटन टायडी', स्कॉटलंडमध्ये 'कीप स्कॉटलंड ब्युटिफुल', आयर्लंडमध्ये 'आन ताश्का', स्वीडनमध्ये 'हॉल स्वेरिये रेंट' आणि दक्षिण आफ्रिकेत १९२६ पासूनची 'वेसा' ही वन्यजीव व पर्यावरण संस्था हे काम पाहते. यांतील कित्येक संघटना मुळात रस्त्यावरचा कचरा हटवण्यासाठी जन्मल्या. त्यामुळे सुरुवातीच्या काळात कचरा हा विषय इतर सर्वांहून वरचढ राहिला.

देशागणिक रूप बदलते. आयर्लंडमध्ये शाळा एका वेळी एकच विषय घेते. आधी कचरा, मग वीज, पाणी, प्रवास, जैवविविधता असा क्रम असतो आणि प्रत्येकाला साधारण दोन वर्षे लागतात. काही देशांत कांस्य आणि रौप्य अशा पायऱ्या चढून ध्वज मिळतो. भारतात अहमदाबाद येथील पर्यावरण शिक्षण केंद्र (स्थापना १९८४) शाळांचा उपक्रम चालवते. प्रतिष्ठानाचाच समुद्रकिनाऱ्यांसाठी असलेला 'नील ध्वज' मात्र केंद्र सरकारच्या किनारा व्यवस्थापन संस्थेकडे आहे. याखेरीज तरुण वार्ताहर, वनशिक्षण आणि पर्यटननिवासांसाठीची 'हरित किल्ली' असे प्रतिष्ठानाचे आणखी तीन उपक्रम आहेत.

सात पायऱ्या : समिती, पाहणी, कृती आराखडा, देखरेख व मूल्यमापन, अभ्यासक्रमाशी जोड, माहिती व सहभाग, आणि पर्यावरण-संहिता अशा त्या पायऱ्या आहेत. क्रम काटेकोर नाही. अभ्यासक्रमाशी जोड तर पहिल्या दिवसापासून चालू राहते. महाराष्ट्रातील शाळेत तिला जागा शोधावी लागत नाही, कारण प्राथमिक वर्गात परिसर अभ्यास आणि नववी-दहावीला जलसुरक्षा हे विषय आधीच आहेत. संहिता म्हणजे मुलांनी लिहिलेली पाच-सात वाक्यांची प्रतिज्ञा. ती पाहणीच्या आधी लिहिली तर 'झाडे लावा, झाडे जगवा' यापलीकडे जात नाही. पाहणीनंतर लिहिली तर 'मधल्या सुट्टीत पंखे बंद' असे नेमके वाक्य येते.

समिती हा साऱ्याचा कणा आहे. प्रत्येक वर्गातून एक-दोन मुले, दोन शिक्षक, एखादा पालक, आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे शिपाई, सफाई कर्मचारी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई तिच्यात हव्यात. पंप किती वाजता लागतो, टाकी केव्हा भरून वाहते आणि कोणत्या दिवशी किती खिचडी उरते, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांना वगळले की आराखडा कागदावर राहतो. मुलांची संख्या मोठ्यांपेक्षा जास्त असावी, बैठक महिन्यातून एकदा तरी व्हावी आणि इतिवृत्त मुलांनीच लिहावे. समितीत केवळ पहिल्या क्रमांकाची मुले निवडणे ही सर्रास होणारी चूक आहे. सारेच दहावीचे विद्यार्थी घेतले, तर मार्चनंतर समितीच उरत नाही.

पाहणीची तंत्रे : नंतरच्या सुधारणेचे माप पाहणीच्या आकड्यांशीच ताडायचे असते, म्हणून या टप्प्यावर घाई महागात पडते. पाण्यासाठी रात्रीची चाचणी सर्वांत सोपी आहे. शाळा सुटल्यावर सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपायचा आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा टिपायचा. मध्ये पाणी वापरलेले नसताना आकडा पुढे सरकला, तर गळती आहे. मीटरनंतर टाकी असेल तर ती आधी काठोकाठ भरू द्यावी, नाहीतर टाकी भरण्याचे पाणीच गळती म्हणून मोजले जाते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत मीटर नसतो. तेथे पंप बंद ठेवून टाकीत खुणा केलेली काठी बुडवावी. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली, म्हणजे सुमारे ९.५ लिटर पाणी गेले. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक पाणी घालवतो. स्वच्छतागृहातील फ्लशच्या टाकीची गळती याच्या कितीतरी पट असते, पण ती दिसत नाही. टाकीत थोडी हळद किंवा खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटे थांबायचे. शौचालयाच्या भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर गेलेला आहे.

विजेसाठी बिलाची रक्कम न पाहता युनिट पाहावेत. रकमेत स्थिर आकार आणि इतर आकार मिसळलेले असतात, त्यामुळे वापर घटला तरी रक्कम त्या प्रमाणात उतरत नाही आणि मुलांचा हिरमोड होतो. मीटर नादुरुस्त असताना आलेले सरासरीचे बिल तर पूर्णपणे वगळावे. हिशोब साधा आहे : वॅट गुणिले तास भागिले १०००. वीस वर्ग, प्रत्येकी ७५ वॅटचे चार पंखे, म्हणजे ६ किलोवॅट. पाऊण तासाच्या मधल्या सुट्टीत ते फिरत राहिले, तर रोज ४.५ युनिट वाया जातात. हेच पंखे सुमारे ३० वॅटच्या बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या) प्रकारचे घेतले, तर ताशी वापर निम्म्याहून खाली येतो. पण त्याला पैसे लागतात, सवयीला लागत नाहीत, म्हणून आराखड्यात सवय आधी घ्यावी.

कचऱ्याची मोजणी सलग पाच-सहा शाळेचे दिवस करावी. एका दिवसाचा आकडा फसवा असतो, कारण पोषण आहारातील पदार्थ रोज बदलतो आणि उरणारे अन्नही. स्नेहसंमेलन किंवा परीक्षेचा आठवडा टाळावा. जमिनीवर ताडपत्री पसरून कचरा कागद, प्लॅस्टिक, अन्न, पालापाचोळा आणि इतर असा वेगळा करायचा आणि लटकत्या काट्याने तोलायचा. हातमोजे सर्वांना हवेत. फुटलेली काच, सॅनिटरी पॅड आणि प्रयोगशाळेतील कचरा मुलांच्या हाती कधीही देऊ नये. तो मोठ्यांनी आधीच बाजूला काढावा.

तुलनेचे मापही आधीच ठरवावे लागते. मार्चमधील पाण्याची जुलैशी तुलना निरर्थक आहे. जुलैची तुलना पुढच्या जुलैशीच करावी, आणि तीही दर विद्यार्थ्यामागे, दर शाळेच्या दिवसामागे. दिवाळीच्या सुट्टीचा महिना लक्षात न घेतल्यामुळे 'वीज निम्म्यावर आली' असे अहवाल तयार झालेले दिसतात.

कृती आराखडा : तीन किंवा चार उद्दिष्टे पुरेशी असतात. प्रत्येकासमोर काय, कोण, केव्हा, खर्च आणि मोजण्याची पद्धत हे पाच रकाने असतात. 'पाणी वाचवणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'रात्रीची गळती दिवाळीपर्यंत शून्यावर आणणे' हे उद्दिष्ट आहे. वृक्षारोपण सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत जास्त फसणारे कलम आहे. जूनमध्ये लावलेले रोप मे महिन्याच्या सुट्टीत वाळते. सुट्टीत पाणी कोण घालणार त्याचे नाव रकान्यात लिहिल्याखेरीज खड्डा खणू नये.

पोषण आहार शिजणाऱ्या शाळेत खतखड्डा लवकर फळ देतो. एक घनमीटरचे दोन खड्डे घ्यावेत, एक भरत असताना दुसरा कुजतो. अन्नाच्या एका बादलीला वाळक्या पाल्याच्या दोन बादल्या घालाव्यात. पाला कमी पडला तर भाताचा गोळा होऊन आत हवा जात नाही आणि आंबट वास सुटतो. त्यावर उपाय म्हणजे पाला मिसळून ढवळणे, चुना टाकणे नव्हे. मूठभर खत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतके ओलसर लागावे. मुंग्या झाल्या तर ते फार कोरडे झाले असे समजावे. आठवड्यातून एकदा ढवळले तर साधारण दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते. कोकणात मात्र खड्डा पावसात तुंबतो, म्हणून जमिनीवर जाळीची टोपली आणि वर पत्रा हीच रचना योग्य ठरते. तयार खत शाळेच्या परसबागेत जाते, आणि तेथील भाजी पुन्हा आहारात येते तेव्हा मुलांना चक्र वेगळे शिकवावे लागत नाही.

ध्वज आणि मूल्यमापन : शाळा अहवाल सादर करते, संघटनेचे परीक्षक तो तपासतात आणि बहुधा भेट देतात. चांगला परीक्षक फलक न पाहता मुलांशी बोलतो. 'हे तुम्ही का निवडले?' या प्रश्नाला मुलांकडून उत्तर आले नाही, तर काम शिक्षकांचे आहे हे उघड होते. ध्वजाची मुदत एक किंवा दोन वर्षांची असते, नंतर तो नव्याने मिळवावा लागतो.

परिणामांविषयी संशोधन सावध आहे. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातील शाळांच्या अभ्यासात बोव्हे-द पाव आणि व्हान पेतेगेम या संशोधकांना मुलांचे ज्ञान वाढलेले आढळले, निसर्गाविषयीच्या भावनेत मात्र फरक दिसला नाही. चेक प्रजासत्ताकातील चिंचेरा आणि क्रायहान्झल यांचे निष्कर्ष अधिक उपयोगी वाटतात. निर्णयात आपला खरा वाटा आहे असे ज्या मुलांना वाटले, त्यांची कृतीची क्षमता अधिक होती. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली बालसहभागाची शिडी येथे नेमकी लागू पडते. तिच्या खालच्या पायऱ्यांवर मुले शोभेपुरती असतात, वरच्या पायऱ्यांवर ती ठरवतात. ध्वज दोन्ही पायऱ्यांवरच्या शाळांना मिळू शकतो, ही या उपक्रमाची खरी उणीव आहे.

भारतीय संदर्भ : सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. २००१-०२ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित सेना योजनेची मंडळे (इको-क्लब) शाळांत सुरू झाली. महाराष्ट्रात मुलांना 'इको-क्लब' हा शब्द इको-स्कूलपेक्षा अधिक परिचित आहे तो यामुळेच. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचा हरित शाळा कार्यक्रम हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा अशा सहा अंगांनी लेखापरीक्षण करतो. प्रतिष्ठानाशी त्याचा संबंध नाही, पण पाहणीवरचा भर तोच आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले राज्य सरकारचे 'माझी वसुंधरा' अभियान पंचमहाभूतांच्या चौकटीत गावे आणि शहरे यांचे गुणांकन करते. गावातल्या शाळेने केलेली पाण्याची आणि कचऱ्याची मोजणी तेथे ग्रामपंचायतीलाही वापरता येते. हरित सेनेचे मंडळ असलेल्या शाळेला नवी समिती बसवण्याची गरज नसते. त्याच मंडळात शिपाई आणि आहार शिजवणाऱ्या ताईंना सामावून घेतले आणि मीटरची वही सुरू केली, की पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होतात.