कुजक्या ओंडक्यातला काळा किडा लाकूड पोखरत नाही

गोव्यात पावसाळ्यात आडव्या पडलेल्या आंब्याची किंवा फणसाची साल उचकटली, की खाली चकचकीत काळे, लांबट किडे पळताना दिसतात आणि 'हेच लाकूड पोखरतात, वर शेपटीने डंखही मारतात' असे ठामपणे सांगितले जाते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

असे किडे बहुधा स्टॅफिलिनिडी या भुंगेऱ्यांच्या कुळातले असतात. त्यातली प्रायोकायरस ही उष्ण प्रदेशातली प्रजाती कुजत्या झाडांच्या सालीखालीच राहते. तिच्या डोक्याची पुढची कड दातेरी असते आणि शरीर सालीच्या फटीत शिरण्याजोगे. लाकूड आधीच बुरशीने आणि ओलाव्याने मऊ झालेले असते, म्हणून किडा तिथे येतो. म्हणजे कारण आणि परिणाम यांची आपण अदलाबदल करतो. घरातल्या वाशांचा आणि चौकटींचा खरा शत्रू वाळवी, किंवा बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पाडणारे वेगळेच भुंगेरे.

'शेपटी' म्हणजे उघडे पडलेले पोट. या कुळातल्या बहुतेकांचे वरचे कठीण पंख आखूड असतात आणि उडण्याचे पातळ पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. धोका वाटताच अनेक जाती पोट विंचवासारखे उचलतात, पण त्याच्या टोकाला नांगी नसते. त्वचेवर फोड येतात ते याच कुळातल्या, पण पीडेरस या लाल-काळ्या प्रजातीमुळे, आणि तेही तो अंगावर चिरडल्यावर रक्तातले पेडेरिन त्वचेला लागल्याने. तो अंगावर बसलाच तर चापट न मारता फुंकून उडवावा.