गोल्फ कार्टमधील लिथियम: बदल केवळ बॅटरीचा नव्हे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला, पीचट्री सिटी नावाचे एक छोटे शहर आहे. तेथे मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, झाडीतून वळणे घेत जाणाऱ्या सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या अरुंद वाटा आहेत आणि त्या वाटांवरून लोक गोल्फ कार्टमध्ये बसून बाजारात, वाचनालयात आणि शाळेत ये-जा करतात. ज्यांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हाती धरली नाही, त्यांच्या दारातही तेथे कार्ट उभी असते. आपल्याकडे मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर वृद्ध प्रवाशांना नेणारी बॅटरीवरची गाडी याच कुळातली. अशा गाड्यांमधील शिसे-आम्ल बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी लिथियम बॅटरी बसवण्याकडे आता मोठा कल आहे. हे काम वरवर पाहता टॉर्चमधले सेल बदलण्याइतके सोपे वाटते, पण बॅटरी बदलली की गाडीची जवळजवळ संपूर्ण विद्युतव्यवस्था नव्याने तपासावी लागते.

४८ व्होल्टच्या कार्टमध्ये आसनाखाली बहुधा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. प्रत्येकीचे वजन २८ किलोच्या आसपास, म्हणजे सर्व मिळून सुमारे १७० किलो. अशा प्रचलित बॅटरीची क्षमता १७० अँपिअर-तास (प्रवाहाचे अँपिअर गुणिले तो मिळण्याचे तास) अशी सांगितली जाते, मात्र हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा ठरतो. तीच बॅटरी पाच तासांत रिकामी केल्यास १४५ अँपिअर-तासच हाती लागतात, आणि कार्ट प्रत्यक्ष धावताना घेते तसा ५६ अँपिअरचा प्रवाह सतत घेतल्यास ती सुमारे ११७ मिनिटांत संपते. गुणाकार केला तर हे जेमतेम १०९ अँपिअर-तास भरतात.

उरलेली क्षमता जाते कुठे? गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी तयार केली, आणि तिच्यातील मूळ रासायनिक क्रिया आजही तीच आहे. बॅटरी वापरात असताना शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या अशा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि त्यासाठी लागणारे गंधकाम्ल भोवतालच्या द्रवातून घेतले जाते. प्रवाह मोठा असेल तर पट्टीच्या सूक्ष्म छिद्रांतले आम्ल झपाट्याने संपते आणि बाहेरचे आम्ल आत झिरपायला वेळ मिळत नाही. त्यामुळे पट्टीचा बराचसा भाग अजून शाबूत असूनही व्होल्टेज कोसळते. चढावर दमलेली कार्ट थोडा वेळ उभी केली की पुन्हा तरतरीत वाटते, ती याच कारणाने. प्रवाह आणि क्षमता यांच्या या नात्याला जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्रात बसवले. याशिवाय अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे स्फटिक टणक होतात आणि पुन्हा विरघळेनासे होतात. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि जे त्याच्या बॅटरीत नियमाने डिस्टिल्ड वॉटर घालतात, त्यांना या बॅटरीचे बाकीचे नखरे वेगळे सांगायला नकोत.

कार्टसाठी निवडले जाणारे लिथियम बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे असते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांच्या सहभागाने झालेले त्यावरील संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला हा पदार्थ विजेचा फारच मंद वाहक ठरला. पुढे त्याचे कण अतिसूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा थर दिल्यावर तो उपयोगात आला. त्याचे दोन गुण कार्टच्या दृष्टीने मोलाचे आहेत. पहिला म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध इतका घट्ट असतो की बॅटरी तापली तरी ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही, आणि म्हणून कोबाल्ट किंवा निकेल असलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत आगीचा धोका कमी राहतो. तो शून्य मात्र नसतो, कारण आतील द्रव ज्वलनशीलच आहे. दुसरा गुण स्थिर व्होल्टेजचा. या स्फटिकातून लिथियम बाहेर पडताना लिथियम असलेला आणि लिथियम नसलेला असे पदार्थाचे दोन प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान जसे शून्यावरून हलत नाही, तसे हे दोन्ही प्रकार असेपर्यंत सेलचे व्होल्टेज ३.२ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. असे सोळा सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्टची बॅटरी होते. १०५ अँपिअर-तासांची अशी बॅटरी साधारण ५० किलोची असते आणि तिच्यात सुमारे ५.४ किलोवॉट-तास ऊर्जा मावते. कागदावर १७० चा आकडा मिरवणाऱ्या जुन्या संचाची जागा १०५ ची बॅटरी कशी घेऊ शकते, याचे उत्तर वरच्या १०९ च्या आकड्यात आहे: मोठ्या प्रवाहातही लिथियमची क्षमता फारशी घटत नाही.

आता अडचणींकडे वळू. शिसे-आम्ल बॅटरी सहनशील असते. तिच्यातून क्षणभर ४०० अँपिअर ओढले तर ती कुरकुरत का होईना, देते. लिथियम बॅटरीच्या पेटीत मात्र बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस, ही इलेक्ट्रॉनिक पहारेकरीण बसलेली असते आणि प्रवाह, व्होल्टेज किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ती जोडणी तोडते. चार माणसे बसवून चढावर गाडी सुरू करताना कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारे यंत्र, काही क्षण ३०० ते ४०० अँपिअर मागू शकतो. बीएमएसची मर्यादा त्याहून कमी असेल तर गाडी चढाच्या मध्यावर बंद पडेल. म्हणूनच बॅटरी विकत घेताना जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या अँपिअर-तासांपेक्षा बीएमएसचा सलग आणि क्षणिक प्रवाह किती, हे आधी विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी खोच सोलेनॉइडची, म्हणजे बॅटरी आणि कंट्रोलर यांना जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची. कंट्रोलरच्या आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात आणि ते रिकामे असताना सोलेनॉइड जुळला तर क्षणार्धात प्रचंड प्रवाह धावतो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने हा झटका अधिकच जोराचा असतो. सोलेनॉइडचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटू शकतात किंवा शॉर्ट सर्किट झाले असे समजून बीएमएस सारे बंद करते. त्यावर उपाय स्वस्त आहे: सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टोकांमध्ये योग्य रोधक (रेझिस्टर) जोडलेला असला की कपॅसिटर आधीच हळूहळू भरतात. अनेक कार्टमध्ये तो मुळातच असतो, पण जुन्या गाडीत तो जळून गेलेला असू शकतो.

उतारावर मोटर जनित्र बनून बॅटरी भरते, त्या कार्टमध्ये आणखी एक प्रसंग उद्भवतो. घर टेकडीवर आहे, बॅटरी सकाळी काठोकाठ भरलेली आहे आणि निघताच उतार लागतो, अशा वेळी आत येणारी वीज घ्यायला बॅटरीत जागा नसते. बीएमएसने चार्जिंगचा मार्ग बंद केला तर मोटरचा गाडीला रोखून धरणारा जोर एकाएकी नाहीसा होऊ शकतो आणि सारी भिस्त यांत्रिक ब्रेकवर येते. कंट्रोलरमध्ये कमाल व्होल्टेजची मर्यादा नीट लावणे, किंवा अशा घरी बॅटरी पूर्ण न भरणे, हाच मार्ग उरतो.

जुना चार्जर वापरू नये. शिसे-आम्ल बॅटरीच्या सेलांची पातळी समान करण्यासाठी ४८ व्होल्टच्या संचाला ६० व्होल्टपेक्षा अधिक दाब दिला जातो, तर सोळा सेलांच्या लिथियम बॅटरीची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट असते. काही जुन्या गाड्यांत चार्जिंगचे नियंत्रण गाडीतल्याच संगणकाकडे असते. तेथे त्याला बगल द्यावी लागते. डॅशबोर्डवरचा चार्जमापकही फसवतो, कारण तो व्होल्टेजवरून अंदाज बांधतो, आणि ज्या स्थिर व्होल्टेजचे वर कौतुक केले त्यामुळेच तो शेवटपर्यंत बॅटरी भरलेली असल्याचे दाखवत राहतो. त्याऐवजी आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून हिशेब ठेवणारा, शंट (प्रवाह मोजण्यासाठी वापरला जाणारा अत्यल्प रोधाचा तुकडा) जोडलेला मापक लागतो. दिवे आणि हॉर्न यांच्यासाठी पूर्वी संचातल्या एकदोन बॅटऱ्यांवरून तार काढत असत. आता ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो.

१२ व्होल्टच्या चार स्वतंत्र लिथियम बॅटऱ्या ओळीने जोडण्याचा पर्याय बाजारात स्वस्त दिसतो. मला तो पटत नाही. चौघींच्या चार बीएमएस एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांतली एक आधी रिकामी झाली की तिच्यापुरता निर्णय घेऊन साऱ्या गाडीचा प्रवाह तोडते, आणि त्या क्षणी संचाचे पूर्ण व्होल्टेज तिच्या छोट्या स्विचवर येते. बॅटरी ओळीने जोडण्यास निर्मात्याने लेखी परवानगी दिलेली नसेल तर या वाटेला जाऊ नये.

सुमारे १२० किलो वजन उतरल्यामुळे गाडीची मागची बाजू स्प्रिंगांवर थोडी वर उचलली जाते, चढ हलके होतात आणि मैदानातली हिरवळ कमी दाबली जाते. काही गाड्या, विशेषतः जुन्या डीसी मोटरच्या, व्होल्टेज टिकून राहिल्याने किंचित वेगानेही धावतात. थंडीचे मात्र भान हवे: शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) सेलच्या ऋण टोकातील ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात आणि ते नुकसान भरून येत नाही. जॉर्जियात हिवाळ्यातल्या काही रात्री पारा तेथवर उतरतो, त्यामुळे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कार्टसाठी स्वतःला तापवणारी बॅटरी किंवा कमी तापमानात चार्जिंग रोखणारी बीएमएस आवश्यक ठरते.

खर्चाचा हिशेब वापरावर ठरतो. लिथियम बॅटरीची चार्जिंगची आवर्तने हजारोंत मोजली जातात, तर शिसे-आम्ल बॅटरीची शेकड्यांत. म्हणून रोज धावणाऱ्या गाडीला जास्तीची किंमत परवडते. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या, मोटर आणि कंट्रोलर दोन्ही म्हातारे झालेल्या कार्टमध्ये मी तरी शिशाच्याच बॅटऱ्या नव्या घातल्या असत्या, आणि काढलेल्या जुन्या बॅटऱ्या दुकानात परत देऊन किमतीत सूट मागितली असती, कारण त्यांतले शिसे जवळजवळ सगळेच वितळवून पुन्हा बॅटरीसाठी वापरता येते.