ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान व त्यावरील देखरेख

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल (एटीएफ) किती तापले आहे, हे गाडी चालत असताना सेन्सरच्या साहाय्याने पाहत राहण्याची पद्धत. इंदूरच्या मराठी कुटुंबांचे खानदेश, नाशिक, मुंबईकडे कायमचे जाणे-येणे असते, आणि त्यांना ही देखरेख उपयोगी पडते ती परतीच्या वाटेवर. शिरपूर सोडल्यावर सेंधव्याआधी बिजासन घाट लागतो. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरचा चढ येतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तर नर्मदेचे खोरे त्याच्या जवळजवळ ४०० मीटर खाली.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. आतल्या दोन चक्रांच्या वेगात फरक पडला की शक्तीचा काही भाग वाया जातो आणि तेल तापते. मोकळ्या हायवेवर लॉक-अप क्लच ही दोन्ही चक्रे एकत्र जखडतो, त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते. घाटात भरलेल्या ट्रकमागे रांगत चढताना मात्र हा क्लच बहुधा सुटलेला असतो, इंजिनावर ताण असतो आणि तेल गार करणाऱ्या कूलरला समोरून वारा मिळत नाही. मे महिन्यात नर्मदेकाठच्या निमाडातली हवाच चाळिशीच्या वर गेलेली असते.

साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे तापमान नेहमीचे मानतात. १२० अंशांच्या आसपास तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते. त्यातून चिकट थर तयार होतो आणि पुढे रबरी सील कडक पडतात. १५० अंशांच्या पुढे क्लचच्या प्लेटा जळण्याचा धोका असतो. हे आकडे ढोबळ आहेत. सेन्सर तेलाच्या टाकीत आहे की कन्व्हर्टरमधून तेल बाहेर पडते तिथे आहे, यावर वाचन बदलते, म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या गाडीचे रोजचे तापमान माहीत असणे आणि चढावर ते किती झपाट्याने वाढते हे पाहणे, हीच खरी देखरेख.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा काटा इथे कामाचा नाही. थर्मोस्टॅटमुळे कूलंटचे तापमान स्थिर राहते आणि काटा मध्यावर असतानाही गिअरबॉक्सचे तेल तापत जाऊ शकते. बऱ्याच गाड्यांत फक्त इशाऱ्याचा दिवा असतो, तोही तेल फार तापल्यावरच लागतो. गिअरबॉक्समधला थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) तापमानाची माहिती कंट्रोल युनिटला सतत पुरवत असतो. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या जोडणीला) ब्लूटूथ अॅडॅप्टर लावून ती मोबाइलवर पाहता येते. मात्र या वाचनाचा कोड कंपनीगणिक वेगळा असल्याने अॅपमध्ये त्या मॉडेलची सोय असावी लागते.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाड्यांना यातले काही लागू नाही. त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो आणि त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे) तेल व त्याच्या मर्यादा वेगळ्या.

तापमान चढत राहिले तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्यावा, पुढच्या वाहनापासून अंतर राखावे, एसी बंद करावा. तरीही उतरत नसेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन चालू ठेवावे. ते बंद केले की पंप थांबतो आणि कूलरमधून तेल फिरत नाही.

तेलाची पातळी तपासतानाही हेच वाचन लागते. डिपस्टिक नसलेल्या अनेक गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून खालचा प्लग उघडतात आणि जास्तीचे तेल वाहू देतात. त्यासाठी तेलाचे तापमान कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत, बरेचदा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, असावे लागते. घाट चढून थेट गॅरेजमध्ये आलेल्या गाडीचे तेल प्रसरण पावलेले असते. तेव्हाच प्लग उघडला तर हवे ते तेलही वाहून जाते आणि गार झाल्यावर पातळी कमी भरते.