सामर्राचा कोरीव गिलावा: द्राक्षवेलीची पद्धत आणि तिरक्या कापाची पद्धत

इराकमधील सामर्रा येथे अब्बासी घराण्याच्या खलिफांनी बांधलेल्या राजवाड्यांच्या भिंतींवरील नक्षीच्या तीन पद्धती मानल्या जातात: द्राक्षवेलीची, तिरक्या कापाची आणि या दोन्हींच्या मधली. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘खोल कोरलेले ते पहिल्या पद्धतीचे आणि साच्यातून काढलेले ते तिसऱ्या पद्धतीचे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वापरले जाते. येथे पहिली म्हणजे द्राक्षवेलीची आणि तिसरी म्हणजे तिरक्या कापाची. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, पण त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष भलतीकडेच जाते.

खलिफा अल्-मुतासिमने ८३६ मध्ये बगदादच्या उत्तरेला, तैग्रिसच्या काठी हे शहर वसवले आणि ८९२ पर्यंत ते राजधानी राहिले. बांधकाम मुख्यतः कच्च्या विटांचे असल्यामुळे भिंतींच्या खालच्या भागावर जिप्समचा गिलावा देऊन तो नक्षीने सजवण्याची रीत तेथे सर्वत्र दिसते. आपल्याकडच्या चुनेगच्चीपेक्षा हे द्रव्य वेगळे आहे. जिप्सम भाजून केलेले हे प्लास्टर झपाट्याने घट्ट होते, त्यामुळे कारागिराला हात भराभर चालवावा लागतो.

द्राक्षवेलीची पद्धत बहुतेकांना ओळखीची असते. पाकळ्यांसारख्या भागांत विभागलेली पाने, त्यांतली छिद्रांसारखी ‘डोळी’, घड, वळत जाणारे देठ आणि या साऱ्याला बांधणाऱ्या चौकटी ही तिची लक्षणे आहेत. जेरिकोजवळच्या खिर्बत अल्-मफ्जर या, अब्बासींच्या आधीच्या उमय्यद घराण्याच्या राजवाड्यातील गिलाव्यात वेलींचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिचे कूळ वेगळे सांगावे लागत नाही.

खरी अडचण तिरक्या कापाच्या पद्धतीपाशी येते, आणि तिचे उत्तर कोरीवकामाच्या खोलपणात किंवा साच्यात नसून तळात आहे. वेलीच्या कामात पान आणि त्यामागचा तळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पानाची कड जवळजवळ उभी कापलेली असते, तळ खाली जाऊन सावलीत बुडतो आणि त्या काळोखावर पान उजळून उठते. तिरक्या कापात असा तळच उरत नाही. प्रत्येक आकाराचा पृष्ठभाग उतरत उतरत कडेला जातो आणि तेथेच शेजारच्या आकाराचा उतार त्याला भेटतो. एका आकाराची सीमारेषा हीच दुसऱ्याचीही सीमारेषा असते. बाटलीसारखा आकार, अर्धे पामपत्र, टोकाला गुंडाळलेले वळण यांपैकी कोणता आकार पुढे आणि कोणता मागे, हे ठरवताच येत नाही, कारण दोन्ही एकाच पातळीवरचे असतात. प्रकाशही काळ्या-पांढऱ्यात तुटत नाही. तो करड्या छटांतून सरकत राहतो. म्हणूनच हे काम एखाद्या वस्तूचे चित्र वाटत नाही आणि हवे तितके पुढे वाढवता येते. माझ्या मते सामर्राने कलेला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे, आणि तिला ‘उथळ’ किंवा ‘झटपट केलेले काम’ म्हणणे हा कारागिरांवर उघड अन्याय आहे.

साच्याचा संबंध अगदीच खोटा नाही. उतरत्या कडा साच्यातून न अडकता सुटतात, उभ्या कडांच्या खोल कामात साचा सुटणे अवघड असते. तेव्हा मोठमोठे दालन लवकर सजवायचे असताना ही पद्धत सोयीची ठरली असणार, हे मान्य करण्यात काहीच अडचण नाही. पण सोय म्हणजे व्याख्या नव्हे. याच तिरक्या कापाचे काम अब्बासी काळातील लाकडी दारांच्या फळ्यांवरही आढळते, आणि लाकूड काही साच्यात ओतता येत नाही. शैली ओळखायची असेल, तर वस्तू कशी घडवली हे नंतर पाहावे. आधी दोन आकारांमध्ये मोकळा तळ दिसतो का, हे पाहावे.

कैरोतील इब्न तुलूनच्या मशिदीत (८७६ ते ८७९) कमानींच्या आतल्या बाजूंवरचा गिलावा याच नजरेने पाहण्यासारखा आहे. इजिप्तचा सुभेदार इब्न तुलून सामर्रातच वाढला होता आणि तिथली नक्षीची भाषा इजिप्तमध्ये पोहोचलेली तेथे स्पष्ट दिसते.

मधली, म्हणजे दुसरी पद्धत दोन्हींच्या दरम्यान उभी आहे: देठ नाहीसे होतात, पाने एकमेकांना खेटतात, तरी त्यांच्यामध्ये तळाची अरुंद रेघ शिल्लक राहते.

क्रमांकांचा घोळ मात्र संशोधकांनीच करून ठेवला आहे. १९११ ते १९१३ या काळात तेथे उत्खनन करणाऱ्या अर्न्स्ट हर्झफेल्ड यांनी तिरक्या कापाला पहिला क्रमांक दिला. पुढे इस्लामी वास्तुकलेचे अभ्यासक क्रेसवेल यांनी क्रम उलटा करून द्राक्षवेलीला ‘ए’ आणि तिरक्या कापाला ‘सी’ म्हटले. त्यामुळे नुसते ‘पहिली पद्धत’ असे लिहिलेले छायाचित्र हाती आले, तर ते कोणाच्या गणतीने लिहिले आहे हे कळेपर्यंत त्या क्रमांकाला काहीच अर्थ नसतो. मी क्रमांक लिहिणे सोडून दिले आहे. ‘द्राक्षवेल’ आणि ‘तिरका काप’ हीच नावे मी वापरतो.